बैलाच्या मापाचा झेंडा

खैरदोडीत बैल तोंडावरून कोणीबी ओळखतो. भागीरथाबाई पाठीवरून ओळखते.

"दौलतचा पवळ्या लांबीले बरोबर हाय, पन वशिंड उजवीकडं कललं त्याचं. झूल डाव्या अंगानं सैल सोडा लागते," हे ती वांगे तोडता तोडता, मान वर न करता सांगते. अन् दौलत नवरदेवाच्या बापासारखा गंभीर होऊन ऐकतो. कारण आमच्याकडं पोळ्याच्या दिवशी झूल वाकडी बसली, तर बैलाला कोणी हसत नाही, मालकाला हसतात.

झुली शिवायचं तिनं सासूपासून उचललं. सासू तोंडानं तिखट अन् हातानं गोड होती. ती गेली तेव्हा तिचं तोंड अन् हात दोन्ही सुनेकडं आले, असं भागीरथाबाईचा नवरा बाबाराव म्हणतो. बाबारावचा वांग्या-टमाट्याचा मळा आहे. बाजाराच्या दिवशी मंडलाच्या, म्हणजे तुमच्या तालुक्याच्या, गावी पाल ठोकून बसतो अन् एका वांग्यासोबत चार गोष्टी फुकट देतो. लग्न झाल्यापासून दोघांचं भांडण चालू आहे, अन् दोघंबी तब्येतीनं खणखणीत आहेत.

एक आधीच सांगून ठेवतो. आमच्याकडं बायाबी 'मी येतो, मी करतो' असंच म्हणतात. पुस्तकवाल्यांना खटकत असेल, तर त्यांनी एकदा खैरदोडीत यावं अन् भागीरथाबाईला सुधारून दाखवावं. चहा आमच्याकडून.

तर तिची झूल. खालून जाड मांजरपाटाचं अस्तर, मधात कापसाचा थर, वरून रंगीत कापड, त्यावर आरसे, काठानं कवड्या, कोपऱ्यांना गोंडे अन् गोंड्यांत घुंगरं. दोन्ही अंगांना वेगवेगळं चित्र, कारण बैलाच्या या बाजूला उभा असलेल्याला त्या बाजूचं दिसत नाही. अन् वजन असं पाहिजे, की कितीबी वारा सुटला तरी झूल जागची हलू नये.

"हलली त बैल बुजते," हे तिच्या धंद्यातलं पहिलं वाक्य अन् शेवटचंबी.

पण गावात आता बैल कमी अन् ट्रॅक्टर जास्त. एका हौशी पोऱ्यानं ट्रॅक्टरला झूल मागितली, तर तिनं त्याला दारातूनच वाटेला लावलं. "ज्याले पाठ नाई, त्याले झूल नाई!" मागच्या पोळ्याला मोजक्याच झुली गेल्या. शिवणयंत्रावर कोंबडी बसायला लागली. भागीरथाबाईनं रडगाणं गायलं नाही, कोंबडीला मात्र रोज शिव्या घातल्या.

अशात शाळेला झेंडा पाहिजे झाला.

आमची शाळा पाच वस्त्यांची मिळून एक. हेडमास्तर अनंतराव सर आदिलाबादेहून मोटरसायकलनं येतात. त्यांचे आजोबा निजामाच्या अमलात तिथल्या कचेरीत कारकून होते, तेव्हापासून त्यांच्या घरात नोकरी अन् कायदा दोन्ही वारशानं आलेले. यंदा मंडलाच्या खेळांसाठी वरून फर्मान आलं, की संचलनात हरेक शाळेनं आपला स्वतःचा झेंडा घेऊन चालायचं. मागच्या साली आमचे पोरं पुठ्ठ्यावर नाव लिहून गेले होते. अर्ध्या मैदानात पुठ्ठा दुमडला अन् बाकीचं अर्धं मैदान पोरं अर्ध्याच नावानं चालले. सरांच्या ते जिव्हारी लागलं होतं.

सरांनी शाळेत बैठक बोलावली. शाळा कमिटीचा चेअरमन सुरेंद्र पुढं बसला होता. मंडलाच्या गावी त्याचं बॅनर छापायचं दुकान आहे. वाढदिवस असो की तेरवी, फोटो त्याच्याकडंच मोठा होतो.

"सर, मी सांगू काय? मधात वाघ टाकू," सुरेंद्र म्हणाला. "लोकं वाघ पाहूनच बाजूले होतेत."

"निर्मळ गावच्या चित्रकाराकडून सोनेरी हरीण काढून आणू," कोणी म्हणालं.

"वाघ अन् हरीण दोनी टाका," मागून बाबाराव बोलला, "म्हंजे शाया सुटेपर्यंत हरीण संपून जाईन."

हशा झाला. सरांनी हात वर केला. "झेंडा म्हणजे भिंतीवरचं चित्र नाही. लांबून एका नजरेत ओळखू आला पाहिजे. पहिलीतल्या पोराला पाटीवर काढता आला पाहिजे. अन् त्यात जे असेल त्याला काही अर्थ पाहिजे. आपल्याकडं कशाला अर्थ आहे?"

सगळे खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर जिकडं तिकडं कापूस फुटलेला. मंग कोणाला वेगळं सुचणार?

बोंड ठरलं. पाच पाकळ्यांतून कापूस बाहेर आलेला, पाच पाकळ्या म्हणजे पाच वस्त्या.

"सर जी, चार पाकळ्याचंबी बोंड ऱ्हायते," दौलत म्हणाला.

"मग कोणती वस्ती घरी ठेवू? तुमची?"

दौलत खाली बसला.

वरचा पट्टा जंगलाचा, हिरवा. त्यावर कोणाचं दुमत नव्हतं. खालचा पट्टा जमिनीचा, अन् जमीन आमची काळी. पण सुरेंद्र चमकला. "काळा झेंडा? तो निषेधाले दाखवतेत, सर! मंत्र्यायच्या गाडीले! पोरं घेऊन निंगाले त पोलीस आधी आपल्यालेच उचलतीन."

बराच वेळ काळ्याला पर्याय सापडेना. शेवटी बाबारावनं पिशवीतून एक वांगं काढलं अन् सरांच्या टेबलावर ठेवलं. "काया नाई, अन् गोराबी नाई. याच जमिनीतून निंगाला हा रंग."

वांगं हातोहात फिरलं, मंजूर झालं. त्या दिवसापासून बाबाराव बाजारात गिऱ्हाइकाला सांगतो, "सरकारी रंगाचं वांगं हाय, भाव करू नको."

राहिलं शिवण. सुरेंद्र म्हणाला, छापून देतो. सर म्हणाले, छापलेलं प्लास्टिक नको, कापडाचा अन् हातानं शिवलेला पाहिजे. तेवढ्यात बाबाराव बोलून गेला, "आमची शिवते ना."

घरी आल्यावर भागीरथाबाईनं कंबरेवर हात ठेवले. "मले इचारलं काय?"

"इचारलं असतं त नाई म्हनली असती."

"नसती म्हनली!"

"मंग कायले भांडून राह्यली व?"

"इचारलं काऊन नाई म्हनून!"

सरांनी तिला कागदावर चित्र काढून दिलं. वर हिरवं, खाली वांग्याचं, मधात बोंड. अन् सगळ्यात खाली शाळेचं पूर्ण नाव, मराठीत, तेलुगूत अन् इंग्रजीत. सरांचा या नावावर लय जीव. लांबी-रुंदी लिहून दिली, रंग लिहून दिले. झेंडा कसा असतो हे लिहिलं नाही. ते काय सांगायचं?

भागीरथाबाईनंबी विचारलं नाही. कापडाचं सजवायचं काम आहे, ते कसं असतं हे काय विचारायचं?

दोघांच्या मधात हीच गोष्ट राहून गेली.

मंग ती जी बसली यंत्रावर! कोंबडी हाकलली. पेटीतून जपलेले आरसे निघाले, सासूच्या हातच्या कवड्या निघाल्या. बाजारात, विहिरीवर, नणंदेच्या फोनवर एकच विषय. "पोया एका दिवसाचा राह्यते व बाई. दुसऱ्या दिवशी झूल गाठोड्यात. झेंडा मात्र सालभर लोकायच्या डोयापुढं. अन् बैल बसला की झूल मातीत जाते, झेंडा काई बसत नाई." नणंद म्हणाली, मी बघायला येते. ही म्हणाली, सगळे या.

संचलन दोनचार दिवसांवर आलं तेव्हा सर झेंडा बघायला तिच्या घरी गेले. सोबत यामिनी. नववीतली, शाळेतली सगळ्यात उंच पोरगी. झेंडा तीच धरणार होती.

फाटकातून आत पाय टाकला अन् सर तिथंच थिजले.

अंगणात बाबारावचा बैल उभा होता. बैलाच्या पाठीवर शाळेचा झेंडा होता. हिरवं-जांभळं कापड अंगावर चापून चोपून बसलं होतं. या बाजूला बोंड, त्या बाजूला बोंड. काठानं कवड्या, मधात आरसे, अन् खाली शाळेचं नाव तीन लिप्यांत, कापूस भरून फुगवलेल्या अक्षरांत. बैलानं मान हलवली तसे आरसे चमकले अन् घुंगरं वाजले. भागीरथाबाई तोंडात सुई धरून खाली बसली होती, पोटाखालची नाडी बघत.

"भागीरथाबाई! झेंडा... बैलावर?"

तिनं तोंडातली सुई काढली. "मंग कशावर पाहू, सर जी? सरका थोडे, सावली पडून राह्यली."

"अहो, झेंड्याचा काही मान असतो! तो जमिनीला टेकवायचा नसतो, टेबलावर अंथरायचा नसतो, खांद्यावर टाकायचा नसतो, अन् तुम्ही तो जनावराच्या..."

"जनावर काऊन म्हनता? लक्ष्मी हाय ते. अन् आंघोय घालून आनलं हो त्याले, तुमच्या झेंड्यासाठी!"

बाबाराव ओट्यावरून म्हणाला, "सर, बैलाले इचारा पाह्यजे त. त्याले पटला झेंडा."

यामिनी तोंडावर ओढणी धरून हसत होती. सरांनी तिच्याकडं बघितलं, बैलाकडं बघितलं, अन् त्यांनाबी हसू फुटलं. काही केल्या थांबेना. थांबलं ते झेंडा बांबूला बांधल्यावर.

कारण बांबूला बांधल्यावर झेंडा ओल्या गोधडीसारखा लोंबायला लागला. बांबू वाकला. यामिनीनं दोन्ही हातांनी धरला, पोट पुढं काढलं, दात खाल्ले. चार पावलं चालली अन् झेंड्याचं टोक मातीला लागलं. वारा होता, चांगला भन्नाट वारा होता, अंगणातला पालापाचोळा उडत होता. झेंडा हलला नाही. हलू नये म्हणूनच तर शिवला होता.

"हा फडकत नाही," सर हळूच म्हणाले.

"फडकते म्हंजे?" भागीरथाबाईनं विचारलं, अन् विचारता विचारताच तिला समजलं. तिचं तोंड उतरत गेलेलं दिसलं. तिनं कवड्यांवरून हात फिरवला.

ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. सुरेंद्र आलाच. "मावशी, मनाले लावून घेऊ नका. मी उद्यापरेंत छापून आनतो. पातळ कापडावर छापतो, सर, प्लास्टिक नाई. नाव तिनी भाषेत, एकदम झगमग."

सर विचारात पडले. भागीरथाबाई मान खाली घालून ऐकत होती. नणंद येणार होती. अख्खा बाजार बघायला येणार होता. अन् मैदानात फिरणार सुरेंद्रच्या दुकानातला झेंडा.

"सर जी," ती एकदम बोलली, "जड कायनं झाला हा?"

"तुमच्या आरशांनी अन् कवड्यांनी. अस्तरानं. कापसानं."

"अन् त्या अक्षरायनं नाई झाला?"

सर अक्षरांच्या रांगा मोजायला लागले.

"तीन रांगा अक्षरं हायेत. एकेका अक्षरात मुठभर कापूस गेला. अन् या अंगाले लिवलेलं नाव त्या अंगाले दिसत नाई, म्हनून तिकडं परत लिवलं. डबल झालं ते! तुमचं नाव काढा, मी माये आरसे काढतो. बोला."

"शाळेचं नाव काढू?" सरांचा आवाज चढला. "मागच्या वर्षी पुठ्ठा दुमडला तेव्हा लोक काय हसले तुम्हाला माहीत नाही!"

"अन् माया झेंडा उद्या सुरेंद्रच्या पोतडीतून निंगाला, त लोकं काय कमी हासतीन काय?"

मंग यामिनी, जिला कोणी विचारलंच नव्हतं, म्हणाली, "सर, तुमीच त बैठकीत म्हनले होते ना, पहिलीतल्या पोराले काढता आला पाह्यजे. पहिलीतले पोरं एवढं नाव कुठं लिवतेत? मलेच हात दुखेपरेंत लिवा लागते."

बाबाराव म्हणाला, "वांग्याचा रंग मात्र ठेवजा हो. बाजारात सांगून बसलो मी."

सरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "ठीक. नाव काढा. पण ऐका, मैदानात फडकला तर तुमचा. नाही फडकला तर सुरेंद्र, तू तुझा एक सोबत आणून ठेव."

"आनतो," सुरेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात काही वाईट नव्हतं. धंदेवाला माणूस, पावसाळ्यात छत्री विकतो तसं.

भागीरथाबाईनं त्याच संध्याकाळी टाके उसवले. बघणाऱ्याला वाटलं रडते की काय. ती सासूला शिव्या देत होती, अशी घट्ट टीप घालायला शिकवल्याबद्दल.

मंग तिनं पहिल्यापासून विचार केला. बैलाचं माप चुकीचं, तर कोणाचं घ्यायचं? तिनं यामिनीला बोलावलं. उभी केली. खांद्यापासून जमीन किती, हात पुढं केला तर किती, बांबू पुढं झुकवला तर किती. पोरगी म्हणाली, "आजी, माया लग्नाचा परकर शिवून राह्यली काय?"

"चूप. वाकून दाखव."

वाकायचं कारण असं होतं, की पाहुण्यांच्या मंचासमोरून जाताना शाळेचा झेंडा सलामीसाठी पुढं झुकवायचा असतो. सर अंगणात येऊन सगळ्यांना शिकवत होते. मैदानात मधात राष्ट्रध्वज उंचावर असतो, तो कोणापुढं झुकत नाही. शाळेचे झेंडे त्याच्यापेक्षा खाली, अन् तेच झुकतात. झुकवताना टोक जमिनीला लागलं, तर सगळ्यांदेखत शाळेची शोभा.

"सून सासूपुढं वाकते तसं," बाबाराव म्हणाला.

"तुमच्या मायपुढं मी किती वाकलो ते माया कंबरेले इचारा," भागीरथाबाई म्हणाली, अन् यामिनीला परत एकदा वाकवून जमिनीपासून वीतभर वर खूण केली. इथंच झेंडा संपला पाहिजे.

कापड तिनं जुन्या अस्तरांच्या ढिगातून काढलं नाही, ते सगळं जाड. बाजारातून साडीच्या फॉलसारखं पातळ सुती आणलं. त्यात एक अडचण होती. पातळ कापडावर वरून बोंड टाचलं तर तेवढी जागा जड होते अन् मागून टाके दिसतात. झुलीत मागची बाजू कधी कोणी बघत नाही, म्हणून हा प्रश्न तिला जन्मात पडला नव्हता. यंत्रासमोर ती नुसती बसून राहिली. बाबारावनं दोनदा चहा केला, तोबी न बोलता प्यायली, तेव्हा तो घाबरला.

"काय पाहून राह्यली?"

"खिडकी."

खरंच ती खिडकी बघत होती. भिंतीत भोक पाडलं की घरातूनबी तेच दिसतं अन् बाहेरूनबी. तिनं कैची घेतली अन् नव्याकोऱ्या हिरव्या-जांभळ्या कापडाला मधोमध बोंडाच्या आकाराचं भोक पाडलं. बाबाराव म्हणाला, "गेलं कापड." तिनं त्या भोकात जरासं मोठं पांढरं बसवलं, काठ दोन्हीकडून बारीक मुडपला. एकच पदर, दोन्ही बाजूंनी सारखं बोंड, टाका इकडंबी दिसत नव्हता अन् तिकडंबी. बांबू घालायला कडेला पायजम्यासारखा नेफा. बाकी काही नाही. ना आरसा, ना गोंडा.

बाबाराव पुढून बघून आला, मागून बघून आला. "उघडंबोडकं वाटते व."

"मलेबी," ती म्हणाली.

संचलनाच्या दिवशी अख्खी खैरदोडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून मंडलाच्या गावी गेली. नणंद आली होती, नवं पातळ नेसून. मैदान माणसांनी भरलेलं. शाळाशाळांचे झेंडे आलेले. कोणाचे चकचकीत, सोनेरी झालरीचे, कोणाचे मखमलीचे. अन् वारा? वाऱ्यानं त्याच दिवशी सुट्टी घेतली होती. झाडाचं पान हलेना.

सगळ्यांचे झेंडे लोंबत होते. आमचाबी. यामिनी बांबू धरून उभी, अन् वर ते पातळ फडकं बांबूला चिकटून बसलेलं. ना हिरवं दिसे, ना बोंड.

सरांनी घाम पुसला. सुरेंद्रनं पिशवीतून गुंडाळी काढली अन् उलगडली. झगमगीत होतं, नाव तीन भाषांत होतं, खोटं कशाला बोलू? चांगलं दिसत होतं. लोंबलं तरी निदान नाव वाचता आलं असतं.

"सर, येळ कमी हाय," तो म्हणाला.

सर भागीरथाबाईकडं बघत होते. ती झेंड्याकडं. बैल बुजू नये हे तिच्या हातात होतं, वारा नव्हता.

"बदलू का?" सरांनी विचारलं. हळू विचारलं.

तिनं तोंड उघडलं, पण बोलली यामिनी. "सर, मी उभी राहून थोडीच जानार हाय? चालल्याशिवाय कसं समजन?"

अन् कोणी काही म्हणायच्या आत पोरगी निघाली. मैदानाच्या कडेनं, बांबू ताठ, पावलं लांब लांब. पहिल्या काही पावलांत काहीच झालं नाही. मंग झेंड्याची कड बांबूपासून सुटली. मंग एक सुरकुती आली, ती मागं धावत गेली, अन् तिच्या मागून दुसरी. अन् एकदम अख्खं कापड उघडलं. वर जंगल, खाली वांग्याची जमीन, मधात फुटलेलं पांढरं बोंड. ज्या बाजूनं बघा त्या बाजूनं. नुसत्या पोरीच्या चालण्याच्या वाऱ्यावर.

"उडालं! व माय, उडालं!" भागीरथाबाई ओरडली. नणंदेचा हात तिनं इतका दाबला की बांगडी फुटली.

सुरेंद्रनं आपली गुंडाळी परत गुंडाळली. "फर्स्ट क्लास, मावशी," म्हणाला, अन् शिट्टी मारली.

संचलन सुरू झालं. मखमलीवाले जड झेंडे तसेच लोंबत गेले. माईकवर बोलणारा एक तेलुगू मास्तर होता. एकेक झेंडा जवळ आला की त्यावरचं नाव वाचून तो शाळा पुकारायचा. आमची पाळी आली. यामिनी पुढं, झेंडा उघडलेला, मागं पाच वस्त्यांचे पोरं. मास्तरनं झेंड्याकडं बघितलं. अक्षर नाही. परत बघितलं. माईकवर नुसती खरखर ऐकू आली. अनंतराव सरांनी डोळे मिटले.

मंग भोंग्यातून आवाज घुमला, "पत्ती बडी! पत्ती बडी वस्तोंदी!"

पत्ती म्हणजे कापूस अन् बडी म्हणजे शाळा. कापसाची शाळा येते आहे. सगळं मैदान कापूस पिकवणाऱ्यांचं. तेलुगू, मराठी, गोंड, कोणाच्या घरात बोंड नाही? अशा टाळ्या पडल्या की पोरांचे पाय चुकले. मंचासमोर यामिनीनं बांबू झुकवला. झेंडा पुढं आला, खाली आला, आणखी खाली आला. बाबाराव उभा राहून "वर! वर! वर!" ओरडत होता, जसा काही भरला घडा सांडतो आहे. टोक जमिनीच्या वीतभर वर थांबलं. अन् परत उठलं.

बक्षीस आम्हाला मिळालं नाही. ते ज्यांचे पाय बरोबर पडत होते त्यांना मिळालं, अन् ते ठीकच झालं.

खेळ संपल्यावर सर माईकवाल्या मास्तरकडं नाव दुरुस्त करून घ्यायला निघाले. वाटेत एका अधिकाऱ्यानं हात पुढं केला अन् तेलुगूत विचारलं, पत्ती बडीचे हेडमास्तर तुम्हीच का? सर म्हणाले, "अवुनु, अवुनु." होय, होय. म्हणून झाल्यावर त्यांना समजलं आपण काय कबूल केलं. माईकपर्यंत ते गेलेच नाहीत.

परतीच्या ट्रॉलीत पोरं गच्च भरले होते. पोरांच्या चपलांची धूळ, ऊस, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या. झेंड्याची चौकोनी घडी केली होती, बोंड वर येईल अशी. सर म्हणाले, खाली ठेवायचा नाही, अन् त्यावर कोणी बसायचं नाही. मंग ठेवायचा कुठं? भागीरथाबाई म्हणाली, "आना इकडं." दोन्ही तळहातांवर घेऊन बसली. ट्रॉली खड्ड्यात आदळायची, हिचे हात वर जायचे, खाली यायचे नाहीत.

बाबारावनं भाकरीचा डबा उघडला. "खाऊन घे."

"माये हात रिकामे हायेत काय? दिसत नाई?"

"दे माह्याजवळ."

"तुमचे हात वांग्याचे. राहू द्या."

बाबारावनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मंग भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला, अन् सगळ्या गावादेखत, सगळ्या पोरांदेखत बायकोच्या तोंडात घास दिला. ट्रॉलीत असा कल्ला झाला की ट्रॅक्टरवाल्यानं घाबरून गाडी थांबवली. नणंद पदरात तोंड घालून हसत होती. सर रस्त्याकडेच्या झाडांकडं लय निरखून बघत होते.

भागीरथाबाईनं घास नीट चावला, गिळला.

"मीठ कमी पडलं," ती म्हणाली.

"तूच केली व चटनी!"

"मंग काय झालं? दुसरा घास द्या."